लोकर आटवून केलेली पिशवी

माझे माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातले आणि सासर गोव्यातल्या मये गावातले. माहेरी आजोबांच्या बैठकीवर एक काळा बुरणूस कायम अंथरलेला असे. लहानपणी त्याच्या कडेला एखादा सुटा धागा सापडतो का, हे मी कितीदा तरी शोधले असेल. तो कधी सापडला नाही, कारण बुरणुसात धागा नसतोच. घोंगडीसाठी लोकरीचे सूत कातून ते मागावर विणतात. बुरणुसासाठी पिंजलेली लोकर नुसती पसरतात, भिजवतात, गुंडाळतात आणि ती एकजीव होईपर्यंत दाबत राहतात. काश्मीरमधला आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा याच जातीचा, आणि शहरातल्या दुकानांत ज्याला फेल्ट म्हणतात तेही हेच. त्या बुरणुसाच्या रीतीने एक भक्कम पिशवी आपण घरी करू शकू का, हा विचार माझ्या मनात बरीच वर्षे होता आणि गेल्या वर्षी मी तो हातावेगळा केला. पहिली पिशवी वाया गेली, दुसरी जमली. दोन्हींची हकिगत येथे लिहीत आहे, कारण दुसरी का जमली हे पहिलीशिवाय सांगता येणार नाही.

पिशवीच का, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पाच-सहा नारळ, केळी आणि भाजी घेऊन यायचे म्हटले की कापडी पिशवीचे बंद वर्षभरात शिवणीपाशी उसवतात. ज्या पिशवीला शिवणच नाही, ती उसवायला जागा राहणार नाही, असे मला वाटले. गोव्याच्या हवेत लोकर कशाला, असे शेजारच्या काकींनी विचारले तेव्हा सासूबाईंनीच त्यांना उत्तर दिले, ‘‘आमचे मामंजी लावणीला उतरायचे ते डोक्यावर कांबळ घेऊनच. दिवसभर पावसात असायचे, पण पाठ गार पडली नाही कधी.’’ लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे मी पुढे वाचले. सासूबाईंना ते कांबळीवरून ठाऊक होते.

लोकर माहेरहून आणली. आमच्या त्या भागातली मेंढरे दख्खनी जातीची, बहुतेक काळी, आणि त्यांची लोकर जाड व केसाळ. गावातल्या धनगर मामांनी दोन किलो लोकर गोणीत भरून दिली आणि बजावले, ‘‘ताई, धुताना चोळू नका बरं का. चोळलीत तर तिथंच गोळा व्हईल, मग पिंजायची न्हाई.’’ चोर्ला घाटाने ती गोणी मयेला आली, तेव्हा गाडीभर मेंढरांचा वास होता. एप्रिलच्या उन्हात मी ती थोडी थोडी करून धुतली. टबात कोमट पाणी, त्यात साबण विरघळवलेला, आणि लोकर त्यात नुसती बुडवून अर्धा तास ठेवायची. हात घालून ढवळायचे नाही, वरून नळाची धार सोडायची नाही आणि पुढच्या पाण्याची ऊब मागच्यापेक्षा फार वेगळी ठेवायची नाही. तीन पाण्यांनंतर मातीचा रंग जाऊन पाणी स्वच्छ येऊ लागले. मागील दारी जुन्या साडीवर ती वाळवली, गोखरू आणि कुसळे हाताने वेचली आणि वजन केले, तर दोन किलोंतले जेमतेम दीड किलो उरले होते.

चोळू नका, या मामांच्या शब्दांतच सगळे शास्त्र आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडकतो. गरम पाण्याने आणि साबणाने तंतू मऊ व निसरडे होतात, खवले उभारतात, आणि मग दाब व हालचाल मिळाली की तंतू एकमेकांत शिरत जातात आणि परतू शकत नाहीत. धुताना हे होऊ द्यायचे नसते आणि पिशवी करताना नेमके हेच घडवून आणायचे असते. एकदा घट्ट झालेली लोकर कशानेही पुन्हा मोकळी करता येत नाही, ही गोष्ट मला त्या वेळी वाचून माहीत होती, पण तिचा खरा अर्थ पहिल्या पिशवीने शिकवला.

पहिली पिशवी मी ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधीच्या आठवड्यात केली. घाई होती आणि नुसती दख्खनी लोकर वापरली. पिशवीचे अंग बऱ्यापैकी घट्ट झाल्यावर मी बंद वेगळा वळून तयार केला, त्याची टोके पिशवीवर ठेवली आणि साबणाचे पाणी लावून तासभर घासत बसले. वरवर पाहता तो छान बसला होता. वाळल्यावर त्यात तीन नारळ घालून उचलली, तर एका बाजूचे टोक भिंतीवरचा कागद सुटावा तसे अखंड सोलून निघाले. खाली पिशवीचे अंग तसेच्या तसे गुळगुळीत होते. बंदाचा एक तंतूही आत शिरलेला नव्हता. अंगातले तंतू आधीच एकमेकांत पुरते गुंतलेले होते आणि बंदातलेही. नव्या तंतूला शिरायला दोन्हीकडे वाट राहिली नव्हती. सुई-दोरा घेऊन तो शिवता आला असता, पण मग कापडी पिशवीत आणि हिच्यात फरक काय राहिला? शिवाय नुसत्या दख्खनी लोकरीचे अंग केसाळ राहिले होते आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढले, की वरचा थर अजूनही थोडा सुटा उचलला जात होता. ती पिशवी आता मागील दारी पायपुसणे म्हणून पडली आहे आणि त्या कामाला ती चांगली आहे.

दुसऱ्या वेळी नोव्हेंबरपर्यंत थांबले आणि आधी नमुने केले. नमुन्यांत गेलेला वेळ मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. वीस सेंटिमीटर लांब-रुंद असे तीन चौकोन मांडले, प्रत्येकात वीस ग्रॅम लोकर, पाच-पाच ग्रॅमचे चार थर, एक उभा आणि एक आडवा. पहिला नुसत्या दख्खनीचा, दुसरा नुसत्या मेरिनोचा, म्हणजे विकत आणलेल्या मऊ, बारीक तंतूच्या लोकरीचा, आणि तिसरा दोन भाग दख्खनी व एक भाग मेरिनो एकत्र पिंजून केलेला. तिघांना सारखेच पाणी, सारखाच साबण, सारखाच वेळ. दख्खनीचा चौकोन साडेसोळा सेंटिमीटरांवर येऊन थांबला आणि सैलच राहिला. मेरिनोचा बारावर आला, दिसायला देखणा, पण उभा धरला की ओल्या भाकरीसारखा वाकून पडे. मिश्रणाचा तेरावर आला, आणि तो टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवला तरी सरळ राहिला. बारीक तंतू जाड तंतूंना वेटाळून आवळतात आणि जाड तंतू कणखरपणा देतात, असे मला त्या तुकड्याची कापलेली कड भिंगातून पाहताना दिसले. काळ्या, जाडसर केसांभोवती पांढऱ्या लोकरीचे अगदी बारीक आटे पडलेले होते. हाताला तो तुकडा थोडा टोचतो, हे खरे आहे. पण पिशवी अंगाला लावून झोपायची नसते.

वीसचे तेरा झाले, म्हणजे मूळ माप तयार मापाच्या दीडपटीहून थोडे जास्त हवे. मला पिशवी बत्तीस सेंटिमीटर रुंद आणि तीस उंच हवी होती, म्हणून पन्नास बाय सेहेचाळीसचा साचा कापला. साचा म्हणजे मधे ठेवायचा एक पातळ, सपाट तुकडा, जो पुढची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटू देत नाही. त्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राच्या खोक्यातला पांढरा फोम उपयोगी पडला. लोकर मोजून ठेवली. प्रत्येक बाजूला एकशे वीस ग्रॅम, चार थरांत तीस-तीस. बंदाला वेगळी चाळीस ग्रॅम.

बंद या वेळी सर्वांत आधी केला. लोकरीचा लांब पेळू घेऊन मधला भाग साबणाच्या पाण्यात भिजवला आणि बांबूच्या चिकावर, म्हणजे काड्यांच्या पडद्यावर, तळहाताने वळत राहिले, प्रथम अगदी हलक्या हाताने आणि तो दोरासारखा लागू लागल्यावर जोर देऊन. दोन्ही टोकांची वीतभर लोकर मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पूर्ण कोरडी ठेवली. त्या कोरड्या टोकांवरच सगळी भिस्त होती.

मग पिशवीची मांडणी. सोप्यावरच्या मेजावर चिक पसरला, त्यावर फोम, आणि फोमवर पहिला उभा थर. पेळूचे टोक एका हाताच्या तळव्याखाली दाबायचे आणि दुसऱ्या हाताने अलगद ओढून बोटभर लांबीचे पातळ पापुद्रे काढायचे, कौलांसारखे एकावर एक चढवत जायचे. नवशिक्याला हे पापुद्रे फार पातळ वाटतात आणि हात आपोआप जाड बुचके टाकू लागतो. जाड बुचका वरून आटतो आणि आतून कोराच राहतो, आणि पुढे नेमकी तिथेच गाठ येते किंवा भोक पडते. साच्याच्या कडेबाहेर तीन-चार सेंटिमीटर लोकर लोंबती ठेवली, वर मच्छरदाणीच्या जुन्या जाळीचा तुकडा घातला, कोमट साबणपाणी शिंपडले आणि सगळी हवा निघून थर चपटा होईपर्यंत तळव्यांनी दाबले. पालथे घातले, लोंबती लोकर साच्यावर दुमडून घेतली, या बाजूचा थर मांडला, त्याची लोंबती कड पुन्हा पलीकडे दुमडली. अशा रीतीने पुढची आणि मागची बाजू एकाच लोकरीची होते आणि शिवण म्हणून काही उरत नाही. दुमडताना कडेला लोकर दुप्पट होते आणि त्याचे पुढे कंगोरे बनतात. पहिल्या पिशवीला ते आले होते. या वेळी लोंबती लोकर टोकाला अगदी विरळ ठेवली आणि प्रत्येक वेळी साच्याला ताणून बसवली.

तीन थर झाल्यावर बंदाची पाळी आली. कोरडी टोके प्लास्टिकमधून काढून पंख्यासारखी उलगडली, पुढच्या आणि मागच्या बाजूला वरच्या कडेच्या मधोमध तिसऱ्या थरावर पसरून ठेवली आणि त्यांच्यावरून चौथा थर घातला. अंगाची लोकर अजून सैल, बंदाची टोकेही सैल. बंदाचा तयार भाग प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवला, नाहीतर तो पिशवीलाच चिकटला असता.

साबणाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. खोबरेल तेलाची साबणवडी किसून पाण्यात विरघळवली होती. आमच्या विहिरीचे पाणी चिऱ्यांच्या खडकातले, मऊ, त्यात फेस पटकन होतो आणि पहिल्या खेपेला मी तो होऊ दिला होता. फेस फार झाला की तंतू त्यावर तरंगतात आणि एकमेकांना धरत नाहीत. जाळीवरून हात न अडकता फिरावा इतकेच निसरडे हवे. बोटांमध्ये पांढरे बुडबुडे दिसू लागले की जास्तीचे पाणी फडक्याने टिपून घ्यावे.

पहिला तास केवळ तळव्यांनी गोल गोल घासण्यात गेला, तोही इतक्या हलक्या हाताने की सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, बाळाला तेल लावतेस की काय?’’ तसेच करायचे असते. सुरुवातीला जोर दिला की थर सरकतात आणि मांडणी मोडते. जाळी उचलताना तंतू तिला धरून वर येत नाहीत असे झाले, तेव्हा चिमटीची परीक्षा केली. दोन बोटांनी लोकर चिमटून उचलली, तर वरचा पापुद्रा सुटा न येता सगळे अंग एकसंध उचलले गेले. त्यानंतर ते सगळे चिकात घेऊन पाणी नेण्याच्या जाड नळीच्या तुकड्यावर गुंडाळले, दोन्हीकडून बांधले आणि पुढेमागे लाटायला सुरुवात केली. शंभर वेळा लाटायचे, उलगडायचे, एक चतुर्थांश वळसा फिरवून पुन्हा शंभर. ज्या दिशेने लाटावे त्या दिशेने लोकर आटते, म्हणून चारही दिशा आणि दोन्ही बाजू सारख्या घ्याव्या लागतात. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजत होते. बाराशेच्या सुमारास आतला फोम मुडपू लागला. अंग आटून साच्यापेक्षा लहान होऊ लागल्याची ती खूण. तेव्हा वरची कड कात्रीने सरळ कापून फोम बाहेर काढला. कापलेली कड लगेच साबण लावून बोटांनी चोळली, कारण तशीच सोडली तर ती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरांत फाटते.

यापुढचे काम जोराचे. पिशवी उलटी केली, सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवली आणि न्हाणीजवळच्या कपडे धुण्याच्या धोंडीवर आपटायला सुरुवात केली. आपटायचे, पिळायचे, पुन्हा गरम पाणी, पुन्हा आपटायचे. थोड्या वेळाने आवाज बदलतो. आधी ओल्या कापडाचा फटकारा ऐकू येत होता, मग ठोकल्यासारखा जड, बसका आवाज येऊ लागला, आणि तेव्हा पाहिले तर अंगावर बारीक दाणेदार सुरकुत्या उठल्या होत्या. दर पाच मिनिटांनी पट्टी लावून मोजत होते. पस्तीस, चौतीस, मग बराच वेळ चौतीसच. खरे सांगायचे तर तिथे मी दमले होते आणि चौतीसवर थांबायचा मोह झाला होता. पण बंदाच्या मुळाशी अंगठ्याने दाबून पाहिले तर तिथे अजून किंचित लवचीकपणा लागत होता. आणखी पाऊण तास काढला आणि रुंदी बत्तीसवर आली. बंदाच्या मुळाशी जोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आता बोटांना कळत नव्हते.

मग साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्यात खळबळले. साबण राहिला तर त्याच्या क्षाराने तंतू कमजोर होत जातात, म्हणून शेवटच्या बादलीत अर्धी वाटी माडाच्या सुरेचे व्हिनेगर घातले आणि पिशवी दहा मिनिटे त्यात बुडवून ठेवली. घरात मासे धुवायला ते असतेच. कपडे धुण्याच्या यंत्रात घालून पाणी फिरवून काढले आणि ओली असतानाच आत बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा घट्ट बसवला, खालचे दोन्ही कोपरे आत दाबून तळ सपाट केला आणि मागील दारी वाऱ्यावर ठेवली. लोकर वाळताना जो आकार धरते तो टिकतो. ऑगस्टमध्ये पहिल्या पिशवीला वाळायला पाच दिवस लागले होते आणि तिला कुबट वास आला होता. नोव्हेंबरच्या कोरड्या वाऱ्यात ही दीड दिवसात वाळली. तयार पिशवीचे अंग साधारण अर्धा सेंटिमीटर जाड आहे आणि ती मेजावर आपली आपण उभी राहते.

सांभाळण्याची बाब गोव्यात वेगळी आहे. सायबेरियात अल्ताई पर्वतात पझिरिक येथे गोठलेल्या थडग्यांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या नमद्याच्या वस्तू रंगांसह सापडल्या, त्या बर्फाने जपल्या. आपल्याकडे दमट हवा आणि कसर आहे. कसरीची अळी लोकरीतले केराटिन हे प्रथिन खाते आणि अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी तिचे फावते. म्हणून पिशवी कपाटात न ठेवता खुंटीवर टांगते आणि जून लागला की प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते; इतक्या थंडीत अंडी आणि अळ्या मरतात. त्यानंतर उघडीप मिळेल तेव्हा ऊन. कडुनिंबाचा पाला सासूबाई घालतात, मीही घालू देते.

पिशवी आता वर्षभर वापरात आहे. वाळल्यावर पहिल्याच शुक्रवारी तिच्यातून सहा नारळ, दोन किलो कांदे आणि एक केळीचा फणा आणला, आणि घरी आल्याबरोबर बंदाच्या मुळाशी पाहिले. काही झाले नव्हते. वर्षात बंद ताणून चोपन्नचा छप्पन्न सेंटिमीटर झाला आहे, दोन्ही मुळे जशीच्या तशी आहेत, आणि जिथे ती कंबरेला घासते तिथे लवेचे बारीक गोळे आले होते ते मी वस्तऱ्याने काढले. काकींनी त्यांच्यासाठी एक मागितली आहे, थोडी मोठी, भाताचा डबा मावेल अशी. मामांकडून नवी लोकर आली असून ती सध्या मागील दारी साडीवर वाळत आहे.